उत्तम प्रतीची चप्पल

सर माझ्यामुळे एकदा अकरा किलोमीटर चालले होते. म्हणजे तसं ते सांगत. माझ्या मते सात-आठच असतील, पण सरांशी आकड्यांवरून वाद घालायची आमच्यात कोणाची छाती नव्हती.

झालं असं. नंदुरबारबाहेरच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर शाखेला नव्याने दाखल झालेली आम्ही साठ मुलंमुली, कोरी पुस्तकं मांडून पहिल्या तासाची वाट बघत होतो. सर आत आले. पायात टायरच्या तळाची जाड चप्पल, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीतून डोकावणारी मेथीची जुडी. आम्हाला वाटलं, कोणाचे तरी वडील वर्ग चुकले. त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली आणि जाहीर केलं, की पंधरा दिवस कोणी कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. लॅबला कुलूप आहे, किल्ली खिशात आहे. आज प्रत्येकाने कागदावर फक्त एवढंच लिहायचं, की रेल्वे स्टेशनवरून कॉलेजला कसं यायचं.

एवढंच ना, म्हणून मी चार ओळींत काम उरकलं. स्टेशनच्या बाहेर पडा. उजवीकडे वळा. मोठा रस्ता लागला की डावीकडे वळा. सरळ जा. खाली सुबक अक्षरात नाव घातलं आणि सगळ्यात आधी कागद दिला, याचा मला अभिमानही वाटला.

हे कागद तपासायचे असतात ते बसून, असा आमचा समज. सर ते चालून तपासत. रोज कॉलेज सुटलं की एक कागद घेऊन स्टेशनवर जायचं आणि त्यावर लिहिलंय तसं, अगदी तसंच, निघायचं. माझा कागद निघाला त्या दिवशी ते सरळ गेले. कॉलेज कधीच मागे पडलं होतं, गाव संपलं, वीटभट्ट्या संपल्या, तरी सर सरळ. शेवटी रस्त्यात एका लग्नाचा मांडव आडवा आला. पुढे जाणंच शक्य नव्हतं, म्हणून ते थांबले. तिथल्या लोकांनी मास्तर दिसतात म्हणून पंगतीत बसवलं. दुसऱ्या दिवशी भर वर्गात मला उभं करून सर म्हणाले, "माय, तुन्हा कागदनी माले वरण-बट्टी जेवाडी. पन कॉलेजमा नही आनं. सरळ जा लिखेल शे. कोठपावत जा ते कोठे लिखेल शे?"

वर्ग हसून लोळत होता. मी रडकुंडीला आले होते. सर मात्र हसले नाहीत. त्यांनी फळ्यावर माझ्या चार ओळी लिहिल्या आणि थांबायची जागा न सांगितलेला प्रोग्राम काय करतो, हे तासभर शिकवलं. तो धडा मी आजतागायत विसरलेली नाही. विसरणार कशी, पुढची चार वर्षं अख्खं कॉलेज मला 'सरळ जा' म्हणूनच ओळखत होतं.

मी खापरची. आमचं मूळ राजस्थानातलं, पण आजोबांपासून दुकान खापरच्या बाजारात. दोऱ्या, बादल्या, पत्रे, ताडपत्र्या, जे टांगता येतं ते सगळं दारात टांगलेलं. घरात मारवाडी, दुकानात गिऱ्हाईक बोलेल ती भाषा, आणि शाळेत मराठी. त्यामुळे सर धानोऱ्याचे आणि वर्गात खुशाल अहिराणी बोलतात, याचं मला काही वाटलं नाही. शहरातून आलेल्या दोघा-तिघांना वाटायचं. त्यांनी एकदा तक्रार केली, की इंजिनिअरिंगचा विषय अहिराणीत कसा चालेल? सरांनी शांतपणे विचारलं, की मशीनला इंग्रजी येतं का? तक्रारवाले म्हणाले, हो. सर म्हणाले, "त्याले काहीच येत नही भाऊ. त्याले फक्त चालू अनी बंद समजस. मंग मी कोन्ही भी भाषामा सांगू, तुन्हं काय जास?"

या सांगण्याचा सगळ्यात जास्त फायदा झाला तो सातपुड्यातून आलेल्या पोरांना. कीबोर्ड पहिल्यांदाच बघणारी ती मुलं मागच्या बाकावर अंग चोरून बसत. पंधरा दिवस लॅबला कुलूप असल्यामुळे, ज्यांच्या घरी कॉम्प्युटर होता त्यांचा आणि यांचा हिशोब सारखाच झाला. कुलूप त्यासाठी होतं, हे मला फार उशिरा कळलं. मला आपलं वाटायचं, सरांना वीज वाचवायची असेल.

कॉम्प्युटर शिकवणाऱ्या या माणसाचा कॉम्प्युटरवर काडीचा विश्वास नव्हता. सगळ्या जगाने मोठे फोन घेतले तरी यांच्याकडे बटणांचाच. एसटीचं वेळापत्रक खिशातल्या डायरीत. बँकेतून मेसेज आला तरी हे बँकेत जाऊन विचारून येत, की मेसेज आला तो खरा का. एकदा लॅबमध्ये एका मुलाचा प्रोग्राम पहिल्याच फटक्यात बरोबर चालला. तो आनंदाने ओरडला तर सर म्हणाले, "खूश कसाले होस? कसा चालना ते शोध आधी." तो बिचारा दोन दिवस चांगला चाललेला प्रोग्राम का चालला हे शोधत बसला होता.

पण त्यांची खरी ख्याती सहीची. इंजिनिअरिंगला प्रत्येक विषयाचं जर्नल असतं. पोरं ते एकमेकांचं बघून उतरवतात आणि मास्तर लोक चहा पिता पिता साठ जर्नलांवर सह्या ठोकतात, ही देशभराची रीत. सर प्रत्येक ओळ वाचत. बोटाने ओळ धरून, ओठ हलवत, मनातल्या मनात प्रोग्राम चालवत. मग हिरव्या शाईने 'वाचले' असं लिहीत आणि त्याखाली सही करत. 'वाचले' नसेल तर सही नाही. त्यामुळे आमची जर्नलं तीन-तीन आठवडे त्यांच्या टेबलावर पडून असत, परीक्षा तोंडावर येई, ऑफिसातून चिठ्ठ्या येत, प्राचार्य स्वतः येऊन उभे राहत. सर त्यांना हाताने थांबवत, कारण ओळ अर्ध्यात असायची.

आमच्यातल्या एका आगाऊ मुलाने पैज लावली. प्रोग्रामच्या ऐन मध्यात त्याने बारीक अक्षरात लिहिलं, 'सर हे काही वाचत नाहीत.' जर्नल परत आलं तेव्हा त्या ओळीखाली हिरव्या शाईत होतं, 'वाचतो. सहा ओळी वर तुझा कंस बंद करायचा राहिला आहे.' कंस खरंच राहिला होता.

असा हा माणूस आमचा विभागप्रमुख होता, पण 'प्रभारी'. केबिनच्या पाटीवर तो शब्द कंसात होता आणि तो कंस काही सुटत नव्हता. पीएचडी झाल्याशिवाय पक्कं विभागप्रमुख होता येत नाही, असा नियम. सरांची पीएचडी मी कॉलेजात येण्याच्याही आधीपासून चालू होती. दोनदा मुदतवाढ घेऊन झालेली. विद्यापीठाने माझ्या शेवटच्या वर्षी लिहून कळवलं होतं, की या सत्राच्या शेवटी प्रबंध आला नाही तर नोंदणी रद्द. वयाचा विचार करता पुन्हा नोंदणी करण्यात अर्थ नव्हता. म्हणजे या सत्रात झालं तर डॉक्टर, प्राध्यापक, पक्के विभागप्रमुख. नाहीतर निवृत्तीपर्यंत आहेत तिथेच. आमच्या शिपायाने तर 'प्रभारी' नसलेली नवी पाटी आधीच रंगवून आणून कपाटामागे ठेवली होती. पाटीवर 'डॉ.' सुद्धा होतं.

विषय होता मिरची.

नंदुरबारला राहून दुसरा कोणता विषय सुचणार? हंगामात गावाबाहेर मैलोन्‌मैल मिरचीच्या पथाऱ्या पडतात. पथारी म्हणजे लाल मिरची वाळवायचं उघडं मैदान. बायका रांगेने बसून वाळलेली मिरची निवडतात, चांगली एकीकडे आणि पांढरी पडलेली, काळे डाग आलेली डागी दुसरीकडे. वारा आमच्या कॉलेजच्या दिशेने असला की परीक्षेला बसलेला अख्खा हॉल शिंकत असतो. तर सरांनी असा प्रोग्राम केला होता, की मिरचीचा फोटो दाखवला की तो प्रत सांगणार. उत्तम की डागी. त्यासाठी आधी हजारो मिरच्यांचे फोटो त्याला दाखवायचे, ही उत्तम, ही डागी, असं सांगत सांगत शिकवायचं, मग तो नव्या मिरचीला स्वतः ओळखतो.

फोटो काढायचं काम माझं. मी शेवटच्या वर्षाला होते आणि सरांनी ते मला प्रोजेक्ट म्हणून दिलं. पथारीवर सुपडाबाई नावाच्या वयस्क मावशी होत्या, तीस वर्षं मिरची निवडणाऱ्या. त्या निवडून देत, मी फोटो काढे. दोन महिने मी डोळे चोळत, नाक ओढत फोटो काढले. सरांची ताकीद होती, की प्रत्येक फोटोची वहीत नोंद पाहिजे. "जे दिसी ते लिख. काय कामनं ते मंग ठरावू." मी रोज वही भरून त्यांच्या टेबलावर ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक पानाखाली सही होऊन ती परत यायची. इतरांची जर्नलं तीन आठवडे आणि माझी वही एका दिवसात! मी हे मैत्रिणींना दोनदा तरी ऐकवलं.

प्रोग्राम तयार झाला आणि काय विचारता. क्वचित कुठे चुकायचा. सर खुशीत आले म्हणजे पिशवीतली पेरूची फोड देत, त्या आठवड्यात त्यांनी मला तीन अख्खे पेरू दिले. प्रबंध बांधायला गेला. समितीसमोर सादरीकरणाला आठ दिवस उरले. तेव्हा सरांच्या मनात आलं, की ज्यांनी शिकवलं त्यांना आधी दाखवावं. म्हणून आम्ही लॅपटॉप घेऊन पथारीवर गेलो.

सुपडाबाईंनी हात झटकले, पदराने लॅपटॉपवरची धूळ पुसली आणि उकिडव्या बसल्या. सरांनी ताडपत्रीवरच्या मिरचीवर कॅमेरा धरला. पडद्यावर आलं, उत्तम. मग गोणपाटावरच्या मिरचीवर. डागी. पुन्हा उत्तम, पुन्हा डागी. भोवती जमलेल्या बायका "वं माय" करू लागल्या. मी तर जणू मीच ती मिरची, अशी फुलले होते.

सुपडाबाई पुढे सरकल्या. त्यांनी गोणपाटावरची एक सडकी, पांढरीफटक मिरची उचलली आणि ताडपत्रीवर ठेवली. म्हणाल्या, आता विचारा.

उत्तम.

मग त्यांनी लालभडक, चकचकीत मिरची गोणपाटावर ठेवली.

डागी.

"हाई मिरची देखत नही मास्तर," त्या म्हणाल्या, "हाई ताडपत्री देखस."

पथारीची रीत अशी, की निवडलेला चांगला माल धुळीने खराब होऊ नये म्हणून ताडपत्रीवर टाकतात आणि डागी माल गोणपाटावर. सगळ्या पथाऱ्यांवर तसंच. मी माल जिथे होता तिथेच त्याचे फोटो काढले होते. प्रोग्रामने सोपा मार्ग धरला. निळं दिसलं की उत्तम, तपकिरी दिसलं की डागी. मिरचीकडे बघायची त्याला गरजच पडली नाही. आणि ती निळी ताडपत्रीसुद्धा आमच्या दुकानची. पप्पांनी 'कॉलेजच्या कामाला' म्हणून कौतुकाने दिलेली.

एवढ्यावर थांबतील तर त्या सुपडाबाई कसल्या. त्यांनी पायातली चप्पल काढली आणि ताडपत्रीवर ठेवली. पडद्यावर आलं, उत्तम.

बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. त्यांच्यात सगळ्यात आधी आणि सगळ्यात मोठ्याने हसले ते सर. हसता हसता मिरचीचा ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, ते पुसत पुन्हा हसले. मी तेवढी एकटी गोठून उभी होते. आठ दिवस उरले होते. हंगाम संपत आला होता. हजारो फोटो नव्याने काढणं कोणाच्या बापाला शक्य नव्हतं.

परतताना रस्त्यात मी सरांना म्हणाले, "सर, समितीतल्या लोकांनी मिरची भाजीत सोडून कुठे बघितलीय? तुम्ही आपल्याच फोटोंवर चालवून दाखवा. कोणाला कळणार नाही."

सर चालत राहिले. मग म्हणाले, "सुपडाबाईले समजी गयं ना. आजून कोनले समजाले जोयजे?"

मी रडत होते. त्यांनी पिशवीत हात घातला, पण त्या दिवशी पेरू नव्हता. मग मेथीची जुडीच माझ्या हातात दिली.

आठ दिवसांनी विद्यापीठात सादरीकरण झालं. मीही गेले होते, मागच्या खुर्चीत. सरांनी लॅपटॉप लावला, विषय सांगितला, आपल्या फोटोंवर प्रोग्राम किती छान चालतो ते दाखवलं. समितीचे लोक माना डोलवत होते, एकाने तर 'उत्कृष्ट' असं म्हटलंसुद्धा. मग सरांनी पिशवीतून निळ्या ताडपत्रीचा तुकडा काढला, टेबलावर अंथरला, वाकून पायातली टायरची चप्पल काढली आणि त्यावर ठेवली.

उत्तम.

समितीतल्या एका सभ्य गृहस्थांना हसू आवरेना, ते रुमाल तोंडाला लावून बाहेर गेले. सर तिथे शुद्ध पुस्तकी मराठीत बोलत होते, त्यावरूनच मला कळलं, की त्यांना किती जड जातंय. ते म्हणाले, "या प्रोग्रामला मिरची ओळखता येत नाही. तेव्हा हा प्रबंध मी मागे घेतो." अध्यक्षांनी विचारलं, की फोटो कोणी काढले? मी खुर्चीत बसल्या बसल्या जमीन शोधू लागले. सर म्हणाले, "चूक माझी आहे." अध्यक्षांनी पुन्हा विचारलं. सरांनी पुन्हा तेच उत्तर दिलं, एका शब्दाचाही फरक न करता.

नोंदणी रद्द झाली. पप्पांना मी सगळं सांगितलं तर ते दुकानातल्या ताडपत्रीवरून हात फिरवत म्हणाले, "बेटा, माल एवढा चांगला, की मशीनसुद्धा फसलं." मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

पुढचं नशीब बघा. मी एम.ई. केलं, त्याच कॉलेजात शिकवायला लागले, सरांनीच माझ्या मागे लागून पीएचडी करायला लावली. विषय निवडला तेव्हा म्हणाले, "मिरची सोडी दे, दुसरं काहीबी ले." मी केळीच्या पानांवरचे रोग घेतले. माझा प्रबंध जाण्याआधी त्यांनी तो सव्वा महिना वाचला, बोटाने ओळ धरून. मला डॉक्टरेट मिळाली आणि वर्षभरात मी विभागप्रमुख झाले, कंसाशिवाय. शिपायाने माझ्या नावाची पाटी आणली तेव्हा स्टुलावर चढून ती ठोकली सरांनी. मी खाली स्टूल धरून उभी होते आणि वर बघायची माझी हिंमत होत नव्हती.

त्या दिवसापासून ऑफिसात ते मला मॅडम म्हणत. रजेचा अर्ज घेऊन रीतसर दारात उभे राहत, "आत येऊ का मॅडम?" मी जीव तोडून सांगितलं, की सर असं करू नका. ते म्हणत, "नियम शे." कॉलेजच्या गेटाबाहेर पाऊल पडलं की मी पुन्हा माय.

आणि दर वर्षी नव्या मुलांसमोर तो तास व्हायचा. माझी केबिन वर्गाला लागूनच, पार्टिशन पातळ. ताडपत्रीचा तो तुकडा, जुना प्रोग्राम आणि सरांची चप्पल. पडद्यावर 'उत्तम' आलं, की वर्ग फुटायचा. मग सर म्हणत, "मशीन खोटं नही बोलस. तुमी जे दखाडशात तेच ते शिकस." कोणी ना कोणी विचारायचंच, की सर, असे फोटो काढले कोणी? आणि पार्टिशनच्या अलीकडे मी हातातलं काम थांबवून बसायची. सर म्हणत, "एक मास्तर व्हता. त्यानी चूक."

इतकी वर्षं हे ऐकलं, पण उठून त्यांच्यासमोर जाऊन 'सर, माझ्यामुळे तुमचं सगळं गेलं' एवढं वाक्य माझ्याने म्हणवलं नाही. पाठ मात्र केलं होतं. ते निवृत्त होण्याआधी म्हणायचं, असं दर वर्षी ठरवत होते. बघता बघता निवृत्तीचाच दिवस आला.

समारंभ चारला होता. हॉलमध्ये शाल, श्रीफळ, हार, प्राचार्य, सगळे तयार. सुपडाबाईंनाही मी आग्रहाने बोलावून पहिल्या रांगेत बसवलं होतं. आणि पावणेचारला सर माझ्या केबिनमध्ये आले ते कपाटाची किल्ली आणि चार पानी यादी घेऊन. त्यांच्या ताब्यातल्या वस्तू विभागप्रमुखाने ताब्यात घेतल्याची यादी. प्रत्येक पानाखाली माझी सही हवी.

मी पेन काढलं आणि पहिल्या पानावर सही करायला गेले. त्यांनी पानावर हात ठेवला.

"वाच, मंग सही कर."

"सर, लोक खोळंबलेत."

"लोक कोठे पयी जातस?"

काय करता. मी वाचायला लागले आणि ते एकेक वस्तू केबिनमधल्या जुन्या कपाटातून काढून दाखवू लागले. जुने माऊस, नग सात. खडूचे डबे, नग चार. लॅबची जुनी किल्ली, नग एक. ताडपत्रीचा तुकडा, नग एक. त्याच्या खालची ओळ होती, 'फोटो नोंदवही, नग एक.'

त्यांनी वही माझ्यापुढे ठेवली. कव्हर मी ओळखलं. इतक्या वर्षांत ती मी पुन्हा उघडली नव्हती. उघडली तर माझंच गोल, टपोरं अक्षर. प्रत्येक पानावर चार रकाने. क्रमांक, तारीख, प्रत आणि जागा. जागेच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत लिहिलं होतं, ताडपत्री, ताडपत्री, ताडपत्री. पुढच्या पानांवर गोणपाट, गोणपाट, गोणपाट. जे दिसेल ते लिही, असं त्यांनी सांगितलं होतं आणि मी दिसलं ते लिहीत गेले होते. प्रत आणि जागा हे दोन रकाने शेजारी शेजारी होते. एकदा नजर फिरवली असती तर शेंबड्या पोरालाही सगळं समजलं असतं.

प्रत्येक पानाखाली सही होती. कुठल्याही पानावर 'वाचले' नव्हतं.

शेवटच्या पानावर सहीशेजारी नंतर कधीतरी लिहिलेले दोन शब्द होते, हिरव्याच शाईत. 'वाचले नाही.' तारीख होती पथारीवरच्या त्या दिवसानंतरची.

मी म्हणाले, "सर, हे तर मी लिहून दिलं होतं."

"लिखेल व्हतं ना माय. मी वाचं नही. प्रबंधनी घाई व्हती, अनी तुन्हं अक्षर इतलं चांगलं, देखं अनी सही करी टाकी." ते अगदी सहज बोलत होते. "मन्हा आयुष्यमा तेवढ्याच सह्या शेत अश्या."

मला रडू आवरेना. इतकी वर्षं मी ते ओझं वागवलं होतं, त्या पातळ पार्टिशनच्या अलीकडे दर वर्षी जीव मुठीत धरून बसले होते. मला त्यांचा रागही आला, खरंच आला. मी जवळजवळ ओरडलेच, "मग मला सांगितलं का नाही? मला वाटत होतं, की तुम्ही मला पाठीशी घालताय!"

सर चकित होऊन माझ्याकडे बघत राहिले. असं काही असू शकेल, हे त्यांच्या डोक्यातही आलेलं नव्हतं.

"मी तं दर साल सांगू," ते म्हणाले. "चूक मास्तरनी. तू आइकं नही?"

बाहेरून शिपाई दारात आला. म्हणाला, सगळे थांबलेत, प्राचार्य शाल हातात घेऊन उभे आहेत. मी डोळे पुसले, दुसऱ्या पानावर सही केली, घाईघाईने तिसरं उलटून चौथं घेतलं. सरांनी हात पुढे केला आणि तिसरं पान पुन्हा माझ्यासमोर ठेवलं.

मी शिपायाला सांगितलं, "त्यांना म्हणावं, शाल खाली ठेवा आणि बसा." आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवून वाचायला सुरुवात केली.